उस्तादांचं बारावं घर

मे महिन्यात, भर दुपारी बाराला, आमचे उस्ताद नव्या बांधलेल्या घरात शिरायचे. जमिनीवर गोणपाट अंथरायचे, शर्टाच्या खिशातला थर्मामीटर भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचे आणि दार लोटता लोटता आम्हाला सांगायचे, "तीनला उठवा. तवर दार उघडलं तर घर नापास."

आणि ते खरोखर झोपायचे. आम्ही बाराजण बाहेर लिंबाखाली बसून त्यांचं घोरणं ऐकायचो. ज्यानं घर बांधलं असेल त्याचा जीव टांगणीला. तीन वाजता दार उघडलं की उस्ताद आधी हातानं स्वतःची मान पुसायचे. मान कोरडी असली तर घर पास. ओली असली तर थर्मामीटरकडं न बघताच ते पायऱ्या उतरायचे आणि म्हणायचे, "वरची झडप मोठी कर. गरम हवेला जायला वाटच न्हाय ठिवली तू."

एकदा मी धीर करून विचारलं, "उस्ताद, सगळं मानेवरच कळतंय, तर थर्मामीटर कशाला?"

"ते साहेबलोकांसाठी. साहेबाला माझी मान कशी पाठवू?"

ते सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, म्हणजे स्वतःही साहेबच. पण साहेब म्हटलेलं त्यांना खपत नसे. मूळचे तेरचे. वडील निजामाच्या काळातले गवंडी, त्यामुळं 'उस्ताद' हाच शब्द त्यांना जवळचा होता. पन्नाशी उलटलेली, अंगानं वाळलेले, पायात कॅनव्हासचे बूट, त्यांची नाडी कधीच बांधलेली नसायची. आमच्या वस्तीत येणारा सरकारी माणूस चहा नको म्हणायचा. बौद्धांच्या घरचा चहा नको असं तोंडानं कुणी म्हणत नसे, "आत्ताच घेतला" म्हणत. उस्ताद मागून प्यायचे, आणि साखर कमी पडली म्हणून माझ्या आईला बोलूनही दाखवायचे. आई खूश व्हायची. बोलतो म्हणजे आपलं समजतो, असं तिचं म्हणणं.

बहात्तरच्या दुष्काळात मी आणि आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. त्यानंतरही पावसानं नीट तोंड दाखवलं नाही. तशातच आमच्या भूमिहीन कुटुंबांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी झाली, गायरानात जागा मिळाली, आणि घरं बांधायला बाहेरचे मिस्त्री आणण्यापेक्षा गावातल्याच माणसांना शिकवावं असं ठरलं. त्यासाठी उस्तादांना दोन वर्षांकरता आमच्याकडं पाठवलं. आम्ही बारा शिकाऊ, बांधायची घरंही बारा. मी तेव्हा बावीस वर्षांचा, लग्न झालेला, नववीपर्यंत शिकलेला. बाकीच्यांत लिहिता-वाचता येणारे दोघंतिघंच होते, म्हणून हजेरी आणि सामानाची वही माझ्याकडं आली.

आम्हाला वाटलं होतं, पहिल्या दिवशी थापी-ओळंबा हातात मिळेल. उस्तादांनी मेणकापडात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढलं. सरकारी बांधकामाचे नियम, सगळे इंग्रजीत. रोज सकाळी पहिला तासभर ते एकेक कलम मराठीत सांगायचे आणि आम्ही ते पाठ म्हणायचो. ज्यांना लिहिता येत नव्हतं तेही म्हणायचे. खोलीला खिडकी किती, जोतं जमिनीपासून किती वर, दोन घरांत अंतर किती. जाणारे-येणारे थांबून हसायचे. आमच्यातला एक धनगर गडी वैतागून म्हणाला, "उस्ताद, आमी गवंडी व्हणार का वकील?"

"दोन्ही," उस्ताद म्हणाले. "गवंड्याला नियम ठावं नसला की कुणीबी येऊन त्याला भ्या दावतो."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "कुठं लिवलंय?" सोसायटीचा चेअरमन म्हणायचा, सरकार हे चालवून घेणार नाही. उस्ताद पुस्तक पुढं करायचे. "कुठं लिवलंय, दावा." चेअरमनला इंग्रजी येत नव्हतं. तो पुस्तकाकडं असा बघायचा जणू त्यात साप आहे.

त्यांचा सगळा भर मातीच्या विटांवर होता. भट्टीत भाजायच्या नाहीत, म्हणजे सरपण जाळायला नको. जुन्या गावठाणाजवळच्या टेकाडावरची पांढरी माती, थोडी वाळू, थोडा चुना. हे सगळं लोखंडी साच्यात घालून लांब दांड्यानं दाबायचं. दांड्याला दोघंजण लोंबकळले की एक वीट. ती सावलीत वाळवायची. माती पारखायची त्यांची पद्धत आम्हाला शिसारी आणायची. चिमूटभर जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, मग थुंकून म्हणायचे, "हिच्यात खार हाय, नक्को." एकदा चेअरमनच्या पुतणीच्या लग्नात जेवताना त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "उस्ताद, थुकू नका, भात हाय त्यो!" सगळी पंगत हसली. उस्तादही हसले, पण डोळे उघडून म्हणाले, "तांदूळ बराबर हाय. पाणी जास्त झालं."

पाणी त्यांच्या डोक्यातून जातच नसे. एकदा तालुक्याचे इंजिनिअर पाहणीला आले. मातीच्या विटा बघूनच त्यांचं तोंड वाकडं झालं. "हे चालणार नाही. सिमेंट वापरा."

"कुठं लिवलंय, साहेब?" पुस्तक आलंच. "भिंतीनं किती वजन पेलावं हे लिवलंय. ओल वर चढू नये हे लिवलंय. भिंत कशाची असावी हे लिवलं न्हाय."

"अहो, पण नियमाचा अर्थ—"

उस्तादांनी त्यांना बाजूला नेलं आणि विहिरीकडं बोट केलं. तिथं बायकांची रांग होती. सकाळपासून घागरी लावून बसलेल्या, तळातलं पाणी वाटीनं भरणाऱ्या. "सिमेंटाच्या भिंतीला तीन आठवडे पाणी मारावं लागतं. ते पाणी यांच्या घागरीतनं काढू का? तुमी लिवून द्या, मी काढतो."

इंजिनिअर चांगला माणूस असावा. त्यानं विहिरीकडं पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाला, "वजन पेलल्याचं दाखवा."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मातीच्या विटांचे दोन खांब उभे केले, वर जाड फळी टाकली आणि सोसायटीच्या अख्ख्या कमिटीला तीवर बसायला लावलं. चेअरमन एकटाच शंभर किलोच्या घरातला. ते सगळे भेदरून बसले तेव्हा उस्ताद वाकून फळीखाली गेले, मांडी घातली आणि फडक्यातली भाकरी सोडून खायला लागले. सावकाश, कांदा फोडून. भाकरी संपेपर्यंत वरच्यांना उतरायची परवानगी नव्हती. इंजिनिअरनं हसू दाबत कागदावर सही केली.

त्या दिवशी आम्हा बाराजणांच्या छात्या फुगल्या होत्या. खडी फोडणारे हात नियमात बसणारं घर बांधत होते, आणि ते घर मे महिन्यात गार राहत होतं.

हे सगळं इतकं खुलवून सांगतोय, कारण पुढचं सांगायचं टाळतोय. पण सांगायला हवं.

आमच्या गायरानाच्या एका बाजूला काळी माती होती. काळ्या मातीत पाया घालायचा तर ती उकरून काढायची, खड्ड्यात बाहेरून आणलेला मुरूम भरायचा, पाणी मारून चोपून घट्ट करायचा, मग वर दगडाचा पाया. हे उस्तादांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतही म्हणता आलं असतं. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यावर उभं केलेलं घर तिच्याबरोबर हलतं. प्रत्येक घराच्या पायाच्या खड्ड्यात ते स्वतः उतरायचे, पहारीनं टोचून बघायचे आणि मगच पुढचं काम.

अकरा घरं झाली. बारावं घर मथुराबाईचं. ती माझ्या आईबरोबर खडी फोडायला असायची. नवरा नाही, मूलबाळ नाही. घर नेमकं काळ्या मातीच्या बाजूला. घरांच्या वाटपासाठी पुढारी येणार होते, त्याचा दिवस ठरलेला. आणि ऐन त्या घाईत उस्तादांना धाराशिवला जावं लागलं. असाच वर्ग दुसऱ्या गावात सुरू करायची मंजुरी मिळायची होती. जाताना ते मला म्हणाले, "आठ-दहा दिवस तू उस्ताद."

मुरुमाची खाण दोन कोसांवर. बैलगाड्या त्या दिवसांत माकणीच्या धरणाच्या कामावर गेलेल्या. एक गाडीवाला मिळाला, त्यानं दोन खेपा टाकल्या आणि तिसऱ्या दिवशी आलाच नाही. पाया अर्धाही भरला नव्हता. चेअरमन रोज येऊन म्हणायचा, "एकाच घराला दार न्हाय असं दिसलं तर माझी शोभा व्हईल." मी उकरून काढलेल्या काळ्या मातीकडं बघितलं. चार वर्षांच्या उन्हानं ती दगडासारखी झालेली. पहार आपटली तर खणकन वाजायची. मी तीच ढेकळं परत खड्ड्यात लोटली, वर मुरुमाचा थर पसरला आणि चोपला. बघणाऱ्याला वाटावं, तळापासून मुरूमच आहे. बरोबरच्यांनी विचारलं नाही. मी उस्ताद होतो ना!

ते परत आले तेव्हा भिंत कमरेएवढी वर आलेली. नाडी लोंबणाऱ्या बुटांनी घराभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "मुरूम किती भरला?"

"पूर्ण, उस्ताद. तळापास्नं."

मला वाटलं, आता कोपरा उकरायला लावतील. मी तर उकरायला लावतील अशीच वाट बघत होतो. लावलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तू भरलाय म्हंजी झालं," आणि भिंतीवर ओळंबा लावायला वळले.

वाटप झालं, हार-तुरे झाले. मथुराबाई दारात बसून रडली.

पुढच्या वर्षी पाऊस आला. सगळ्यांनी मागितलेला, आठ-आठ दिवस न थांबणारा. आधी मथुराबाईच्या मागच्या कोपऱ्याला बोटभर भेग पडली. तिनं शेणामातीनं लिंपली. मग एका दुपारी ती चूल पेटवत असताना मागची भिंत आत आली. आम्ही ढिगारा उपसून तिला काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती, आणि मलाच म्हणत होती, "माझं पातेलं बघ रं, चेपलं का." तिची मांडी मोडली होती. पुढं जगली तेवढी वर्षं ती काठी घेऊन, एका अंगावर कलून चालली.

चौकशी लागली. दोन अधिकारी आले. बाकीची अकरा घरं जागच्या जागी उभी होती, हे त्यांनाही दिसत होतं. एकानं मला विचारलं, "पायात मुरूम भरला होता?"

उस्ताद शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "व्हय साहेब." त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली.

अधिकारी म्हणाला, "पाया उकरून बघूया का?"

आणि उस्तादच म्हणाले, "नक्को. पाया या पोरानं भरलाय. तिथं चूक नसणार." मग त्यांनी चष्मा पुसला. "बाराव्या घराची माती टेकाडाच्या उगवतीच्या अंगाची होती. बाकीच्या घरांची मावळतीची. मी चाखली होती, मला बराबर वाटली. चुन्याचं मापबी मीच ठरवलं होतं. चूक मातीची असंल तर ती माझी."

मी तोंड उघडलं नाही. घरात पहिलं मूल होतं, आणि गावात नुकतंच लोक मला मिस्त्री म्हणायला लागले होते. एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं.

वर्ग बंद झाला. दुसऱ्या गावाची मंजुरी रद्द झाली. उस्तादांना धाराशिवच्या एका गोदामात खिळे आणि पत्रे मोजायला बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले. जायच्या दिवशी त्यांनी साचा पुसून गोणपाटात बांधला आणि आम्हाला म्हणाले, "मातीचं काय चुकलं ते कळलं की सांगंन." मला वाटलं, मला टोचून म्हणतात. तसं नव्हतं. ते खरंच तसं म्हणत होते.

मी ठेकेदार झालो. सिमेंटची घरं, वर पत्रे. मे महिन्यात आत पाय ठेववत नाही अशी. लोक दुपारी बाहेर झाडाखाली जाऊन बसतात, पण पक्कं घर म्हणून मिरवतात. मथुराबाईचं घर मी नव्यानं फुकट बांधून दिलं. ती येईल-जाईल त्याला सांगायची, "ह्या पोरासारखं काळीज न्हाय कुणाचं." मी तिच्या दारावरून जायचं टाळायचो. ती गेली तेव्हाही तिला काही ठाऊक नव्हतं.

बारा वर्षांनी मला तेरला शाळेच्या दोन खोल्यांचं काम मिळालं. एस.टी.तून उतरून चहा घेत होतो. हॉटेलवाला गिऱ्हाइकाला सांगत होता, "आमच्या गल्लीत एक म्हातारबा हायत. दिवसभर मातीच्या विटा पाण्यात बुडवत्यात आन काढत्यात. सरकारी नोकरीत हुते म्हनं."

मी चहा अर्धा टाकून उठलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात विटांच्या रांगाच रांगा होत्या. साबणाच्या वडीएवढ्या लहान, प्रत्येकीवर खिळ्यानं आकडा कोरलेला. काही पत्र्याच्या घमेल्यांत पाण्याखाली. काहींवर मडक्यातून थेंब थेंब पाणी पडत होतं. उस्ताद स्टुलावर बसलेले. डोळ्यांवर जाड भिंगं. मी "उस्ताद" म्हटलं आणि त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"अरे! ये, ये. बरा आलास. तुझी लई याद येती." त्यांनी माझा हात धरून मला रांगांपाशी नेलं. "ही बघ. ही सगळी त्याच टेकाडाची, उगवतीच्या अंगाची माती. दर चार-सहा महिन्याला जाऊन पोतं भरून आणतो. कंडक्टर भांडतो माझ्यासंगं, यष्टीत माती का म्हनून."

दारात एक बाई येऊन उभी राहिली. त्यांची मुलगी, शाळेत शिक्षिका. ती थकल्यासारखं हसून म्हणाली, "अब्बांचं हे रोजचं आहे. डॉक्टरांनी पाण्यात हात घालू नका म्हणून सांगितलंय, पण ऐकत नाहीत." ती आत गेली.

उस्तादांनी घमेल्यातली एक वीट काढून माझ्या तळहातावर ठेवली. ओली, जड, पण कडा शाबूत. "चुना कमी करून बघितला. जास्त करून बघितला. महिनाभर बुडवून ठेवली. ही विरघळायला पायजे ना? विरघळत न्हाय. दर खेपेला उभी ऱ्हाते." त्यांनी माझ्याकडं मान वर केली. भिंगांमागं डोळे फार मोठे दिसत होते. "मंग तवा का पडली? तूच सांग. बारा वर्षं झाली, मला उमगंना."

मी तिथंच विटांच्या रांगेत खाली बसलो आणि सांगितलं. गाडीवाला आला नाही, ढेकळं परत लोटली, वर मुरूम पसरला. सगळं. अधिकाऱ्यासमोर खोटं बोललो तेही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, हात उगारतील. उगारावा असं मनापासून वाटत होतं. मग त्यांनी विचारलं, "खाली काळी किती होती?"

"दोन फूट असंल."

"आन वर मुरूम?"

"हातभर. तेवढाबी न्हाय."

"मागच्या कोपऱ्यालाबी तसंच?"

"तिथं तर मुरूम जवळजवळ न्हवताच, उस्ताद."

"भेग तिथनंच सुरू झाली हुती," ते स्वतःशी म्हणाले. ओठ हलत होते, बोटांवर काहीतरी मांडत होते. मग त्यांचा चेहरा बदलला. मी तयारी केली होती रागाची, शापाची. ते हसले. एखाद्या पोराचा निकाल लागावा आणि नापास झालो म्हणून बसलेल्याला पास आहेस म्हणून सांगावं, तसे. स्टुलावरून धडपडत उठले आणि आत बघून ओरडले, "बेटी! बाहर आ! अगं ऐक, माती चुकली न्हवती!"

मुलगी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. तिनं आधी वडिलांकडं बघितलं, मग खाली बसलेल्या माझ्याकडं. तिला समजायला फार वेळ लागला नाही. वर्गात पोरांना विचारावं तशा साध्या आवाजात तिनं मला विचारलं, "एवढंच सांगायचं होतं, तर आधी का नाही आलात?"

मी हातातली ओली वीट रांगेत तिच्या जागी ठेवली. 

उस्तादांचं आमच्या दोघांकडंही लक्ष नव्हतं. ते वाकून एकेका विटेवरून तळवा फिरवत पुढं सरकत होते, आणि गालांवरून पाणी ओघळत असताना पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बराबर होती. माती बराबर होती."